सुविधाची बुडबुडेपेटी

भीमसेन कांबळे निपाणी डेपोतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. उभ्या आयुष्यात ते प्रवाशाला कधी घाबरले नाहीत. कन्नडमध्ये भांडणाऱ्याला कन्नडमध्ये, मराठीत भांडणाऱ्याला मराठीत, आणि दोन्ही भाषा येत असून गप्प बसणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी त्यांनी उत्तर दिलं. पण एका साध्या प्रश्नापुढं त्यांची गाडी बंद पडायची. लग्नात, बारशात, विहारातल्या वंदनेनंतर चपला शोधताना कुणी तरी विचारायचंच, "अण्णा, पोरगी काय करत्या?"

"इंजिनेर हाय," ते म्हणायचे.

"कशातली?"

"बेळगावात. उद्यमबागेत. मशिनरीतली."

"म्हंजे नेमकं काय करत्या?"

एकदा उन्हात बराच वेळ उभं राहिल्यामुळं असेल, त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "बुडबुडं मोजत्या."

विचारणाऱ्याला आधी वाटलं अण्णा चेष्टा करतायत. मग त्यानं जरा आवाज खाली आणून विचारलं, "त्येचा पगार देत्यात व्हय?"

"देत्यात की. बोनससुद्धा देत्यात," असं म्हणून अण्णा चालू लागले.

मी त्यांची शेजारीण. इथल्या हायस्कुलात मराठी शिकवते, आणि सुविधा माझ्या वर्गात होती. पुढची हकिकत मला आधी अण्णांनी सांगितली आणि मग सुविधानं येऊन तिची काटछाट केली. तरीही कुठं रंग जास्त झाल्यासारखा वाटला, तर तो बापाचा हात समजावा.

सुविधा शाळेत असतानाच प्रश्न विचारून माणसाला हैराण करायची. बारावीनंतर मंगळूरच्या बाजूला कॉलेजात तिनं खनिजांचं इंजिनिअरिंग केलं. गल्लीत तोवर कुणी असलं काही शिकलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांनी सोयीसाठी ती 'कॉम्प्युटर' करते असं धरलं होतं. शिकून आली आणि बेळगावात केशव हुद्दार यांच्या कारखान्यात लागली. हुद्दारांचं घराणं वकिलांचं. केशवरावांनी एकट्यानंच कोर्टाची पायरी सोडून वर्कशॉपची धरली. पांढरा शर्ट मात्र वकिलाचा राहिला. ग्रीसच्या डब्याशेजारीसुद्धा ते पांढऱ्या शर्टात उभे असायचे, आणि त्यावर डाग कसा पडत नाही याचं कामगारांना कोडं होतं.

त्यांचा कारखाना फ्लोटेशनची मशिनं बनवायचा. हे काय प्रकरण असतं ते सुविधानं आमच्या ओट्यावर बसून मला समजावलं. घरात डाळ शिजताना वर फेस येतो, तो आपण काढून टाकतो आणि डाळ ठेवतो. इथं उलटं. दगड पिठासारखा दळून पाण्याच्या टाकीत घालायचा आणि खालून हवा सोडायची. टाकीतला पंखा गरगर फिरून त्या हवेचे बुडबुडे करतो. हवं ते खनिज बुडबुड्यांना चिकटून वर येतं, माती खाली राहते. मग वरचा फेस ठेवायचा आणि खालची डाळ फेकायची.

"आणि बुडबुडे कशाला मोजायचे?" मी विचारलं.

"लहान आहेत की मोठे ते बघायला. हवा तेवढीच असली तरी बुडबुडे बारीक झाले की चिकटायला जागा जास्त मिळते."

अण्णा दारात पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच ते म्हणाले, "म्हंजे एक मोठी बस सोडण्यापरीस धा वडापच्या जीपा सोडल्यागत."

"तसंच आप्पा."

"आणि लईच बारीक वडाप सोडलं तर?"

"तर मातीपण वर चढते. फेसाबरोबर."

"बिनतिकिटाची," असं म्हणून अण्णांनी पान उलटलं. माझ्या आधी त्यांना समजलं होतं.

तर झालं असं. कोगनोळीच्या नाक्यापासून जरा आत, हायवेच्या अंगाला, ग्राफाइट साफ करायचा एक छोटा कारखाना आहे. ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीत असतं ते काळं. बेळगावच्या फाउंड्र्यांना साच्यांवर लावायला ते लागतं. कच्चा माल ओडिशाकडून लॉरीनं येतो, इथं दळला जातो आणि फेसावर वर काढला जातो. त्या कारखान्यात केशवरावांनी चार टाक्यांचं नवं मशीन बसवलं. नारळ फोडला, पेढे झाले, फोटो निघाले. आणि काही आठवड्यांतच तिथल्या मॅनेजर निवेदिता हेर्लेकर यांचा फोन आला.

निवेदिताबाई बेळगावच्या टिळकवाडीतल्या, बोलायला सरळ. "केशवराव, तुमचं मशीन आमचं ग्राफाइट खातंय."

"मशीन कशाला खाईल हो? ते काय जेवायला बसलंय?"

"मग मागच्या तळ्यात येऊन बघा. सांडपाणी इतकं चमकतंय, तोंड बघून वेणी घालावी. एवढा माल वाया जातोय."

केशवरावांना मशीनवर बोट ठेवलेलं चालायचं नाही. ते म्हणाले, "तुमचा माणूस पाइन ऑइल कमी टाकत असणार."

पाइन ऑइल म्हणजे ज्याला फिनेलसारखा वास येतो ते तेल. पाण्यात त्याचे थोडे थेंब असले की बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात. ते तेल सोडायचं काम रवळूकडं होतं. कोगनोळीचाच माणूस, पन्नाशीचा, सावकाश चालणारा. तो शपथेवर सांगत होता की तेल बरोबर सोडतोय. निवेदिताबाई म्हणत होत्या मशीन वाईट, केशवराव म्हणत होते तेल कमी, आणि मधल्यामधे ग्राफाइट तळ्यात जात होतं.

"सर, बुडबुडेच मोजू या ना," सुविधा म्हणाली. "मोठे आहेत की लहान ते कळलं तर भांडायला तरी सोपं जाईल."

मोजायचं यंत्र परदेशातून मागवायला हवं होतं आणि तेवढी कुणाला सवड नव्हती. मग तिनं ते स्वतःच करायचं ठरवलं. बेळगावात मासे ठेवायच्या काचपेट्या करणारं एक दुकान आहे, त्याच्याकडून एक चपटी पारदर्शक पेटी करून घेतली. तिच्या खाली लांब नळी आणि नळीला कॉक. नळी टाकीत बुडवायची, पेटी पाण्यानं भरून वरून घट्ट बंद करायची आणि कॉक उघडायचा. टाकीतले बुडबुडे नळीतून चढत पेटीत येतात, आणि पेटीच्या पाठीमागं दिवा लावून समोरून त्यांचा फोटो घ्यायचा. पुढचं मोजणं कॉम्प्युटर करतो.

फोटोसाठी तिनं मावसभावाला पकडलं. ओमकार निपाणीत लग्नांचे फोटो काढतो. अंगठी आणि मेंदी जवळून टिपायची एक खास लेन्स त्याच्याकडं होती. ती द्यायला तो तयार झाला, पण पेटी बघून म्हणाला, "ताई, ही वाकडी का केलीस? समोरची काच तिरकी हाय की."

"मुद्दाम. बुडबुडे काचेला घासत एका थरात वर सरकावेत म्हणून. नाहीतर एकामागं एक लपतात."

"म्हंजे ग्रुप फोटोत मागची रांग झाकत्या तसं."

"अगदी."

"लग्नातबी असली तिरकी काच मिळाली तर बरं हुईल," ओमकार म्हणाला. मोजणीच्या पहिल्या दिवशी तो स्वतः आला आणि कॅमेऱ्याला डोळा लावून बुडबुड्यांना "जरा इकडं बघा" म्हणाला, असं अण्णा सांगतात. सुविधाच्या मते तो असं काही म्हणाला नाही, नुसता हसला.

पेटी बेळगावहून आधी निपाणीला आणली, ती बसनं. अण्णा मुद्दाम तेवढ्यासाठी बेळगावला गेले होते. रिटायर झाल्यापासून बसमध्ये बसायला त्यांना कारण हवंच असतं. पेटी सुविधाच्या आईच्या जुन्या चादरीत गुंडाळलेली, नळी खिडकीच्या वर टोक काढून बसलेली. नवा कंडक्टर आला, त्यानं नळीकडं बघितलं आणि हे काय म्हणून कन्नडमध्ये विचारलं, "एन्री इदु?"

"कॅमेरा," अण्णा म्हणाले.

एवढा मोठा कॅमेरा कसला, असं त्याचं म्हणणं. लगेजचं तिकीट काढा. अण्णांनी मांडीवर धरलेल्या वस्तूला लगेज म्हणता येत नाही, हे त्याला नियमासकट समजावलं. कंडक्टर तरुण होता पण गप्प बसणारा नव्हता. संकेश्वर येईपर्यंत दोघांचं चाललं. शेवटी अण्णांनी डेपोच्या जुन्या लोकांची नावं घेतली आणि तो कंडक्टर त्यातल्याच एकाचा जावई निघाला. मग वादाचं रूपांतर चौकशीत झालं. सासऱ्याच्या गुडघ्यापासून नव्या गाड्यांच्या ब्रेकपर्यंत. सुविधा नळीचं टोक धरून झोपून गेली होती.

दुसऱ्या दिवशी कोगनोळीला मोजणी झाली. एका मागून एक चारही टाक्यांत नळी बुडवली. फोटो स्वच्छ आले. आणि त्यांत बुडबुडे दिसले ते चांगले मटकीएवढे. पाहिजे होते राजगिऱ्याएवढे. चारही टाक्यांत तीच कथा.

केशवरावांना फोनवर हे कळलं तेव्हा त्यांचा आवाज खुलला. "बघ, चारही सारखे! एखादी टाकी बिघडली असती तर एकीतच दिसलं असतं. चारही म्हणजे तेलच कमी."

हिशेब बरोबर वाटत होता. सुविधानंही तेच सांगितलं. निवेदिताबाईंनी फोटो नीट बघितले, मान हलवली आणि रवळूला बोलावलं. "इतके दिवस मला सांगत होतास तेल बरोबर आहे. हे काय मग?"

रवळूनं कॉम्प्युटरवर मोठे मोठे गोळे बघितले. "बाई, मी टाकतोय की वो."

"मग जातंय कुठं?"

तेल वाढवायचं ठरलं, आणि रवळू देखरेखीखाली वाढवू लागला. सुविधा पेटी निपाणीत घरी ठेवून बेळगावला गेली. काम फत्ते झालं असं तिला वाटलं. त्या रात्री ती चांगली झोपली, हे तिनं मला नंतर जरा ओशाळूनच सांगितलं.

दोनेक दिवसांनी, सकाळी चहाच्या वेळेला, निवेदिताबाईंचा फोन. मागं आरडाओरडा ऐकू येत होता. "सुविधा, निघ. आत्ता निघ. आणि केशवरावांनाही घेऊन ये. त्यांना बघू दे."

केशवरावांनी गाडी काढली. सुविधानं वाटेतून घरी फोन केला, "आप्पा, पेटी घेऊन कोगनोळीला या." अण्णा रिक्षात पेटी घालून या दोघांच्याही आधी पोचले. त्यामुळं पुढचं सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलंय आणि त्यांना त्याचं वर्णन करायला फार आवडतं.

फेस. काळा, चकचकीत, साईसारखा दाट फेस. चारही टाक्यांच्या काठावरून तो बाहेर आला होता, लोखंडी जिन्यावरून पायरी पायरी खाली उतरला होता आणि दारापर्यंत जाऊन थांबला नव्हता. ऑफिसच्या दाराखालून आत शिरून त्यानं निवेदिताबाईंच्या टेबलाचे पाय गिळले होते. त्यांची स्कूटर अर्धी फेसात होती, आरसे तेवढे वर. माणसं खराट्यानं फेस ढकलत होती आणि तो ढकलल्यावर आणखी फुगत होता. सगळीकडं फिनेलचा वास. एका कुत्र्यानं नाक लावून बघितलं आणि काळं नाक घेऊन हायवेकडं पळ काढला. वर चढलेला माल तर बघायलाच नको. ग्राफाइटबरोबर सगळी माती वर आली होती, फाउंड्रीवाल्यांनी हातात धरला नसता.

केशवराव गाडीतून उतरले, दोन पावलं चालले आणि घसरले. पडले नाहीत, रवळूनं धरलं. पण रवळूचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते आणि शर्ट पांढरा होता.

कुणी हसलं नाही. अण्णा म्हणतात, "हसायचं लई मनात आलतं, पर पोरीचं तोंड बघितलं."

सुविधा दारातच उभी होती. निवेदिताबाई तिच्याजवळ येऊन शांतपणे म्हणाल्या, "तू सांगितलंस तेल कमी आहे. आम्ही वाढवलं. आता?"

सुविधानं वाकून मूठभर फेस हातावर घेतला. त्यातले बुडबुडे इतके बारीक होते की डोळ्यांना नीट दिसेनात. दुधावरच्या फेसासारखे. मटकी कुठंच नव्हती. तिनं अण्णांच्या हातून पेटी घेतली, ऑफिसातल्या कूलरचं गाळलेलं पाणी तिच्यात भरलं, जसं मागच्या वेळी भरलं होतं, आणि नळी टाकीत सोडली. फोटो घेतला. फोटोत पुन्हा मटकीच, थोडीशी बारीक झालेली.

टाकीत पीठ आणि फोटोत मटकी. म्हणजे टाकीतून निघून काचेपर्यंत पोचता पोचता बुडबुडे मोठे होत होते. आणि मधे होती फक्त नळी आणि पाणी. ती पेटीसमोर उकिडवी बसून राहिली. फोटो स्वच्छ यावा म्हणून तिनं कूलरचं पाणी घेतलं होतं. त्या पाण्यात पाइन ऑइलचा थेंब नव्हता. टाकीतून आलेले बारीक बुडबुडे त्या कोऱ्या पाण्यात शिरले, की त्यांना एकमेकांपासून लांब ठेवणारं काही उरत नव्हतं. नळीतून वर चढता चढता ते एकात एक मिसळत होते. ती टाकीतले बुडबुडे मोजत नव्हतीच. स्वतःच्या पेटीत तयार झालेले मोजत होती.

"कॉलेजात हे शिकवलं होतं," ती मला म्हणाली. "पेपरात लिहून मार्कपण घेतले होते."

तिनं पाण्याच्या दोन बाटल्या मागवल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत पाण्यात पाइन ऑइलचा एक थेंब. सगळ्यांना बोलावून दोन्ही बाटल्या एकदमच हलवल्या. नुसत्या पाण्यातले बुडबुडे मोठे होऊन बघता बघता फुटले. दुसऱ्या बाटलीतलं पाणी दुधाळ झालं आणि तसंच राहिलं.

"माझ्या पेटीत ही पहिली बाटली होती," ती म्हणाली. "टाकीत दुसरी. चूक माझ्या मोजण्यात होती. तेल आधीपासून बरोबर होतं. रवळूअण्णा खरं बोलत होते."

कारखान्यातले सगळेच तिथं जमले होते, खराटे हातात धरून. निवेदिताबाई म्हणाल्या, "बरं. आता बरोबर मोज."

तेल पूर्वीइतकं केलं. टाक्या निवळायला वेळ लागला. तोवर सगळ्यांनी फेस उपसला. अण्णांनीही पँट दुमडून खराटा घेतला. केशवरावांनी शर्ट नळाखाली धरून बघितला, त्यानं काळं आणखी पसरलं, मग तेही फेस ढकलायला आले. दुपार टळल्यावर सुविधानं टाकीतलंच पाणी गाळून घेतलं, तेलासकट, आणि पेटी त्या पाण्यानं भरली. पहिली टाकी: राजगिरा. दुसरी: राजगिरा. तिसरी तशीच. चौथ्या टाकीत नळी सोडली आणि फोटोत मटकी आली.

तिनं पेटी रिकामी केली, धुतली, पुन्हा भरली. पुन्हा मटकी. तेल तेच, पाणी तेच, हवा तेवढीच. मग उरतो पंखा. चौथ्या टाकीतला पंखा हवा नीट फोडत नव्हता. कोऱ्या पाण्यानं आधी चारही टाक्या सारख्या दाखवल्या होत्या, त्यामुळं हे झाकून राहिलं होतं.

पंखा म्हणजे मशीन. आणि मशीन म्हणजे केशवराव.

केशवरावांनाही ते कळलं. ते म्हणाले, "सुविधा, जरा इकडं ये." दोघं शेडच्या मागं गेले. अण्णा मुद्दाम नळावर पाय धूत उभे राहिले, त्यामुळं त्यांनी ऐकलं.

"आज सकाळपासून बरंच झालंय," केशवराव म्हणाले. "चौथ्या टाकीचं आत्ता लगेच बोलायला नको. अजून तपासतोय म्हणून सांगू. मग आपलं आपण येऊन गुपचूप दुरुस्त करू की. त्यांचंही काम होईल, आपलंही नाव राहील."

साहेब वाईट माणूस नव्हता. सुविधा नवी नवी असताना तिला कुणी 'आरक्षणवाली' म्हणालं होतं, त्याला याच माणसानं दुसऱ्या दिवशी कामावरून कमी केलं होतं. ती म्हणाली, "सर, चुकीचं होतं ते मी लगेच सगळ्यांसमोर सांगितलं. त्यावर एका माणसाला बोलणी बसली. आता बरोबर सापडलंय, तर तेच तेवढं लपवायचं का?"

नळ चालू होता. अण्णा एकच पाय परत परत धूत होते.

"आणि मी सांगितलं नाही," ती म्हणाली, "तर निवेदिताबाई रवळूअण्णांना परत बोलावतील. चौथ्या टाकीचं काय म्हणून."

केशवरावांनी शर्टाकडं बघितलं. मग म्हणाले, "चल. पण मीच सांगतो. मशीन माझं आहे."

त्यांनी जाऊन तसं सांगितलं. चौथी टाकी रिकामी करून उघडली. केशवराव स्वतः आत उतरले, हात घालून पंख्याभोवतीची फट चाचपली आणि आतूनच ओरडले, "वर बसवलाय! पंखाच वर बसवलाय आमच्या लोकांनी!" बाहेर आले तेव्हा ते आणि रवळू यांच्यात रंगानं काही फरक उरला नव्हता. निवेदिताबाईंना पहिल्यांदा हसू आलं. "केशवराव, आज तुम्ही आमच्या कारखान्यातले दिसताय."

बेळगावहून फिटर आले, पंखा खाली घेतला, फट बरोबर केली. चौथ्या टाकीतही राजगिरा दिसू लागला आणि हळूहळू मागच्या तळ्याची चमक गेली. मशीनचं प्रकरण तिथं मिटलं. पण रवळूचं मिटलं नव्हतं.

पंखा बसवल्याच्या दिवशी सुविधा त्याच्याकडं गेली. "रवळूअण्णा, माझ्यामुळं तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं. माफ करा."

रवळूनं हात पुसले. "आवं ताई, बाईंचं काय न्हाय. त्या बोलत्यात आन् इसरत्यात. माझी अडचण घरात हाय."

"घरात?"

"गावात बोभाटा झालाय, रवळू तेल चोरतोय. फिनेल म्हणून इकतोय. माझ्या कापडांस्नी वास येतोय की न्हाय? आमची नागुबाई तर कापडं हुंगून बघाय लागल्या. म्हणत्या, खरं सांग, कुणाला इकलंस? मी सांगून दमलो. आता तुमीच चला."

सुविधा गेली. सोबत अण्णा होतेच. रवळूचं घर गावात, पुढं गोठा, दारात शेंगा वाळत घातलेल्या. नागुबाई दारातच होती. तिनं सुविधाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमीच व्हय, माझ्या नवऱ्याला चोर ठरवलासा त्या?"

"व्हय," सुविधा म्हणाली. "तेच सांगायला आलेय. तेल बरोबर पडत होतं. माझं मोजणं चुकलं होतं."

"मंग हे आधी का न्हाय कळलं?"

"मी घाई केली. पाणी चुकीचं भरलं."

नागुबाईला एवढ्यानं पटलं नाही. तिला नीट समजायला हवं होतं. कसलं पाणी, कसले बुडबुडे, चोरीशी त्याचा काय संबंध. सुविधानं तिच्याच घरातून दोन काचेच्या बरण्या मागून घेतल्या, कारखान्यातून आणलेल्या तेलाचा थेंब एकीत टाकला आणि दोन्ही हलवून दाखवल्या. शेजारपाजारच्या बायका जमल्या. बरण्या हातोहात फिरल्या. प्रत्येकीला स्वतः हलवून बघायचं होतं. एका म्हाताऱ्या आजीनं तर बरणी कानाला लावली.

"एवढंच?" सगळं कळल्यावर नागुबाई म्हणाली.

"एवढंच."

"मंग ह्या बायास्नी सांगा की मोठ्यानं. ह्यांनीच गावभर केलंय."

सुविधानं मोठ्यानं सांगितलं. रवळू गोठ्याजवळ उभा राहून जमिनीकडं बघत होता. त्याची बायको आत गेली आणि चहा टाकला. अण्णांना चहा कमी गोड लागला, तसं त्यांनी बोलून दाखवलं, आणि नागुबाईनं बोलता बोलता अख्खा चमचा साखर त्यांच्या कपात ओतली. निघताना तिनं शेंगांची पिशवी सुविधाच्या हातात दिली. "भाजून खावा. मिठाच्या पाण्यात भिजवून भाजल्या तर आणि ग्वाड लागत्यात."

केशवरावांनी त्यानंतर एक केलं. प्रत्येक मशीन बसवताना टाकी टाकीचे बुडबुडे मोजून मगच गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायचं, असं ठरवलं. काचपेटीवाल्याकडून आणखी पेट्या करून घेतल्या आणि सुविधाच्या हाताखाली दोन मुली दिल्या. त्यांतली एक बोरगावची आहे, कन्नड मीडियमची, फार चटपटीत. शिकवताना सुविधा पहिल्याच दिवशी नव्या मुलीकडून कोऱ्या पाण्यानं मोजणी करून घेते, मग तेलाच्या पाण्यानं, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून विचारते, "यातला कुठला खरा?" मुलगी चुकली तरी ती रागवत नाही.

सध्या सुविधा ओडिशात आहे, तिथल्या एका खाणीत महिनाभरासाठी. रोज फोन येतो. परवा मला म्हणाली, इथल्या बुडबुड्यांचा आकार दुपारी बदलतोय, सकाळी वेगळा आणि दुपारी वेगळा, का ते अजून कळत नाही. आवाज मात्र खुशीत होता. मागं कुणी तरी उडियात हाका मारत होतं, तिनं "आले, आले" म्हणून मराठीतच उत्तर दिलं आणि फोन ठेवला.